चांदणीखाली

बोर्ड माझा. अक्षर माझं.
सहा बाय चार, पत्र्यावर, लाल पायावर पिवळं,
इतवारीत चांडकांच्या दुकानावर, एप्रिलच्या पहिल्या हप्त्यात:
नागपूरचा पारा सत्तेचाळीस ओलांडेल
तर कूलरचे पूर्ण पैसे परत.
आणि 'परत'च्या डोक्यावर एक चांदणी,
पाच टोकांची, शून्य नंबरच्या ब्रशनं काढलेली.

शेठ खालून ओरडले, लहान काढ बे.
दिसली पाहिजे असं नाही,
असली पाहिजे.

शिडीवरूनच विचारलं, अटी काय लिहू?
म्हणाले, वकिलाला विचारून सांगतो, तू जागा सोडून ठेव.
मी सोडली.
खालच्या काठाला चार बोटं लाल, कोरी.

पाचपावलीची कौतिका ठवकर ब्लाऊज शिवते.
मशीनवर वाकलं की कपाळाचा घाम
लोकांच्या रेशमावर पडतो, डाग धरतो.
म्हणून तिनं पाच हजार आठशेचा कूलर घेतला.
स्वस्त साडेचारचाही होता, शेजारच्या दुकानात.
तो सोडून हा घेतला, बोर्ड वाचून,
मोठ्यानं वाचून, नवऱ्याला ऐकवून.

मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा
वेधशाळेनं आकडा दिला: सत्तेचाळीस पूर्णांक एक.
तो पूर्णांकानंतरचा एक
तिनं पेपरातून कापला
आणि मापांच्या वहीत डकवला.

शेठ हसले. बाई, ती गंमत होती.
धंद्यात लिहावं लागते असं काहीबाही.
हवेवर कोणी पैसे परत करते काय?
ती म्हणाली, मग हवेवर घेतले कशाले?

सिव्हिल लाइन्स, जानेवारी.
आयोगाच्या खोलीतला कूलर पोत्यात गुंडाळलेला.
शेठचे वकील तासून बोलत होते:
जाहिरात म्हणजे वचन नव्हे, नुसतं बोलावणं.
या, पहा, भाव विचारा.
प्रस्ताव ग्राहकाचा असतो,
तो घ्यायचा की नाही हे दुकानदार ठरवतो.

कौतिकाला वकील नव्हता. ती उभी राहिली.
लग्नाच्या पत्रिकेत जेवणाची वेळ छापली,
लोक आहेर घेऊन आले,
आहेर ठेवून घेतला,
मग मांडवात म्हणता येते काय
का ते नुसतं बोलावणं होतं?

मागं कोणीतरी फिसकन हसलं.
मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

मग मला विचारलं,
चांदणीखाली काय होतं?

आयुष्यात हजारभर चांदण्या काढल्या असतील मी.
साड्यांच्या सेलवर, वर्धा रोडच्या प्लॉटांवर,
शंभर टक्के निकालाच्या क्लासवर.
एकीच्याही उजेडात काय वाचता येतं
ते वाकून पाहिलं नव्हतं कधी.

काही नव्हतं, मॅडम. चार बोटं लाल.

वकील लगेच म्हणाले, बघा,
अटी ठरायच्या बाकी होत्या,
म्हणजे करारच अपुरा.
मॅडमनी कौतिकाचं बिल उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.
म्हणाल्या, यात तर बाकी काही दिसत नाही.

निकाल राखून ठेवलाय.
तो कसाही लागो, शेठ वर जाणार आहेत अपिलात,
जिन्यातच सांगत होते फोनवर.

फाटकाबाहेर कौतिकानं चहा पाजला.
मी बोलून गेलो, त्या बोर्डाचे नऊशे
मलाही अजून मिळालेले नाहीत.
दिवाळीत देतो, म्हणाले होते.
चांदणी नव्हती त्या वाक्यावर, काहीच नव्हतं,
आणि मी शिडी चढलो.

कागद हाय काय तुमच्यापाशी?
नाही.

तिनं वहीतलं पान टरकन फाडून दिलं.
कोणाचं तरी माप होतं वरती,
खांदा साडेतेरा, बाही नऊ.
त्याच्या खाली, साध्या हस्ताक्षरात,
जे मी गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही,
लिहिलं: चांडक, इतवारी.
बोर्ड, सहा बाय चार.
नऊशे येणे.